खालून पहिलं नाव

"ए, पाय उचल. तू माझ्या अंड्यांवर उभा आहेस."

बाल्डुरला मी आयुष्यात म्हटलेलं हे पहिलं वाक्य.

त्या सोमवारी मिडल कोव्हच्या किनाऱ्यावर केपलिन लोळायला आले होते. वीतभर लांबीचा हा चंदेरी मासा वर्षातून एकदाच, जुलैच्या सुरुवातीला, थेट किनाऱ्यावरच्या गोट्यांत अंडी घालायला येतो आणि त्याच्यामागे बादल्या घेऊन अख्खं सेंट जॉन्स येतं. धुकं, पावसाची बारीक झिमझिम, ओले मोजे, किंचाळणारी पोरंटोरं... आणि मी दोरीने आखून ठेवलेल्या चौकोनाच्या बरोब्बर मधोमध नवेकोरे बूट घालून उभा असलेला एक उंच, भुऱ्या दाढीचा माणूस. त्या चौकोनातली अंडी मी सहा वर्षं मोजतेय.

त्याने खाली बघितलं, मग माझ्याकडे. पाय मात्र जागचा हलेना.

"कुठला उचलू?" त्याने अगदी शांतपणे विचारलं. "दोन्ही तुझ्या अंड्यांवरच आहेत."

एखादी हसली असती. मला राग आला. तसा तो माझ्या नाकाच्या शेंड्यावर कायम बसलेलाच असतो. आई म्हणते, ही जन्मली तेव्हा रडली नाही, ओरडली. मी त्याचं कोपर धरलं आणि त्याला दोरीबाहेर ओढून काढलं. कोपर चांगलं भक्कम होतं, आणि ते माझ्या लक्षात आलं याचाही मला राग आला.

"नोरीन ना?" तो म्हणाला. "पत्रांत असतेस तशीच आहेस."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हाच तो रेक्याविकचा. गेले तीन महिने ज्याच्याशी मी एका प्राथमिक अर्जातल्या शब्दाशब्दावरून पत्रांतून भांडत होते, तो डॉक्टर बाल्डुर ब्रागासन. मंगळवारी येऊन शुक्रवारी परत जायचा होता, एक दिवस आधीच उगवला होता आणि विमानतळावरून सामानासकट सरळ किनाऱ्यावर आला होता.

अर्ज होता केपलिनच्या संशोधनासाठी. त्यांच्या समुद्रातही हाच मासा, आमच्याही समुद्रात हाच, आणि दोन्हीकडे तो कमी होत चाललाय. दोन्ही देश मिळून पैसा देणार होते, पण आधी एक छोटा अर्ज पाठवायचा... पाच पानं, चौदा रकाने. तो पसंत पडला तरच ऑक्टोबरात पूर्ण अर्ज मागवणार. अंतिम वेळ गुरुवारी दुपारी ओटावाचे चार, म्हणजे आमचे साडेपाच. आमचं घड्याळ बाकी देशापेक्षा अर्धा तास वेगळं चालतं, आणि तसंच चालावं असं आमचं ठाम मत आहे.

बाकीच्यांसाठी हा एक अर्ज होता. माझ्यासाठी घरदार होतं. विद्यापीठातला माझा करार ऑगस्टअखेर संपत होता. आमच्या कार्यालयात असले अर्ज सांभाळणाऱ्या ट्रुडीने मला नियम दाखवला होता: मुख्य अर्जदार म्हणून ज्याचं नाव जाईल, त्याचा करार निकाल लागेपर्यंत वाढतो. नुसत्या सहयोग्याचा वाढत नाही. सहयोगी म्हणजे राबायला पुढे आणि मानाला मागे. करार संपला असता तर मला भावाकडे अल्बर्टाला जावं लागलं असतं. न्यूफाउंडलंडच्या घराघरातून कुणी ना कुणी कामासाठी अल्बर्टाला गेलेलं असतं आणि नाताळला फोनवर रडत असतं. मला जायचं नव्हतं. तिथे समुद्रच नाही.

दोन्ही देशांची मिळून यादीत पाच नावं होती. प्रत्येक बाजूचं जे नाव यादीत आधी येईल तो त्या बाजूचा मुख्य. मानापमान नकोत म्हणून मीच पत्रात लिहिलं होतं की नावं सरळ वर्णानुक्रमे लावू या. माझं आडनाव ऐलवर्ड, इंग्रजी 'ए'वरून. यादी कुणीही लावली तरी मीच वर. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. आमचे विभागप्रमुख गस पेनी 'पी'वर, म्हणजे थेट तळाला, आणि त्यांना ते खुपत होतं. दोन आठवड्यांपूर्वी चहा पिता पिता ते मला म्हणालेही होते, तुझ्या वयाचा होतो तेव्हा माझं नाव शेवटी असायचं, पोरी, आणि मी कुरकुर करत नसे.

मंगळवार आणि बुधवार आम्ही दोघं किनाऱ्यावर अंडी मोजत आणि माझ्या खोलीत बसून भांडत काढले. मी लांब वाक्य लिहायची, तो त्याचे दोन तुकडे करायचा. मी ते परत जोडायची. मला तो पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणत होता. मी आपली तोंडावर 'डॉक्टर ब्रागासन, तुम्ही' करत होते, कारण ज्याच्यावर चिडायचं आहे त्याच्याशी सलगी करून कसं चालेल?

"ते ब्रागासन नको म्हणूस," तो बुधवारी कळवळून म्हणाला. "ब्रागासन म्हणजे ब्रागीचा मुलगा. तू तसं म्हणालीस की मला वाटतं, माझी तक्रार घेऊन तू बाबांकडे चाललीयेस."

"जाईनही. पत्ता द्या."

तो हसला. त्याचं हसणं आवाज न करणारं होतं, नुसते खांदे हलायचे. कॅन्टीनमधल्या बाईने त्याला चहा देताना "घे, राजा" म्हटलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला आणि परत येताना मला हळूच विचारू लागला की ती आपल्याला राजा का म्हणाली.

"ती सगळ्यांनाच म्हणते."

"आणि तू?"

"मी कुणालाच म्हणत नाही."

"कुणालाच...?" तो म्हणाला आणि त्याने खिशातून वाळलेल्या माशाची पट्टी काढून, तिला लोणी फासून, अर्धी माझ्यापुढे धरली. मी घेतली. बोटाला बोट लागलं. त्याचे हात थंडगार होते, गोट्यांत अंडी चाचपून चाचपून. मी घाईघाईने तिसऱ्या पानावरच्या एका स्वल्पविरामावरून नवं भांडण काढलं.

गुरुवारी मात्र खरंखुरं भांडण झालं.

अर्ज एकालाच पाठवता येत होता आणि त्याचा पासवर्ड बाल्डुरकडे होता. सकाळी आम्ही शेवटचा हात फिरवला. नावांची यादी तेवढी तो टाकणार होता, कारण ते काय, यंत्रवत काम. मी खाली प्रयोगशाळेत गेले. तीन वाजता वर आले तर अर्ज पोचल्याची पावती आलेली, तो ओहोटी साधून माझे चौकोन मोजायला किनाऱ्यावर गेलेला, आणि टेबलावर चिठ्ठी: 'पाठवला. बादली मी नेली.'

मी पावती उघडली. पहिलं नाव, बाल्डुर. दुसरं, गस पेनी. मग त्याच्या रेक्याविकच्या सहकारी हिल्डुरबाई. मग आमचा लिओ. आणि सगळ्यात खाली, नोरीन ऐलवर्ड, सहयोगी.

मी ते तीनदा वाचलं. तळपायाची आग मस्तकात गेली. गसचा तो चहा आठवला, ते 'पोरी' आठवलं. म्हणजे हे दोघांचं आधीच ठरलेलं होतं. सहा वर्षं अंडी मी मोजायची आणि आयत्या बिळावर हे नागोबा येऊन बसणार. आणि मी... मी त्या माणसाच्या हातून लोणी फासलेला मासा खाल्ला होता. त्याची जास्त आग होत होती.

ट्रुडीला फोन लावला. ती म्हणाली की पाठवलेला अर्ज दुरुस्त करता येत नाही. ज्याने पाठवला त्यानेच तो मागे घ्यायचा, मागे घेतला की चौदाही रकाने कोरे, आणि साडेपाचपर्यंत पुन्हा गेला नाही तर विषय संपला. दोन्ही देशांसाठी संपला.

वडिलांचा जुना पिकअप मी त्या दिवशी जसा चालवला तसा परत कधी चालवणार नाही. धुकं इतकं, की मिडल कोव्हचा उतार मी नुसत्या सवयीने उतरले. तो गोट्यांत गुडघे टेकून बसला होता. बाह्या कोपरापर्यंत वर, दाढीत पावसाचे थेंब, माझ्या दोरीला जपून, पाय बाहेर.

मला बघून त्याचा चेहरा उजळला. "गेला अर्ज. पावती बघितलीस?"

चोर तो चोर, वर शिरजोर. माझ्या तोंडून जे निघालं ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. मी त्याला चोर म्हटलं, गसचा हस्तक म्हटलं. म्हटलं, माझी सहा वर्षं तू दोन ओळींत त्या म्हाताऱ्याला देऊन टाकलीस. आणि वर त्याच्या बुटांवरही घसरले, कारण नवेकोरे बूट घालून समुद्रावर येणाऱ्या माणसावर विश्वास ठेवला ही माझीच चूक. आजूबाजूच्या बादल्या थांबल्या. एक आजी तर नीट ऐकू यावं म्हणून जवळ सरकल्या.

तो ऐकत होता. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाला, "पण... वर्णानुक्रमे तूच म्हणाली होतीस."

"मग? 'ए' कुठे येतो? शेवटी?"

"'एन' शेवटी येतो," तो म्हणाला. "बी, जी, एच, एल, एन. बाल्डुर, गस, हिल्डुर, लिओ, नोरीन."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्यानेही माझ्याकडे बघितलं. मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"आडनावाने," तो पुटपुटला. "तुम्ही आडनावाने लावता."

"सगळं जग आडनावाने लावतं."

"आमच्याकडे आडनावच नसतं, नोरीन. बापाचं नाव असतं. बापाच्या नावाने माणसं कोण लावतो? आमच्याकडे फोनच्या यादीतसुद्धा मी बाल्डुरमध्येच सापडतो." त्याने ओला हात कपाळावर मारला. "मी दहा वर्षं परदेशी नियतकालिकांत निबंध लिहितोय. मला हे ठाऊक आहे. पण यादी लावायला घेतली आणि हात आपला घरच्यासारखाच चालला."

"आणि मी खालून पहिली आले, तेव्हा काहीच खटकलं नाही?"

"खटकलं ना. मग वाटलं, तूच असं ठरवलंयस. गस वयाने मोठे म्हणून. मला वाटलं... विनय असेल."

"विनय?" मी म्हटलं. "तीन महिने माझी पत्रं वाचून तुला मी विनयशील वाटले?"

त्या आजी हसल्या. मी नाही हसले. माझे डोळे भरून आले होते आणि ते पाऊस म्हणून खपतील अशी मला आशा होती. मी त्याला ट्रुडीने सांगितलेलं सगळं सांगितलं. ऑगस्ट, करार, अल्बर्टा, सगळं. करारातली ही गोष्ट त्याला ठाऊकच नव्हती. स्वाभिमानापायी मी कधी बोललेच नव्हते. मी म्हटलं, "मागे घेतलास आणि वेळेत गेला नाही तर तुझाही जाईल. दोन वर्षांच्या कामाचा पैसा."

तो बादली उचलून चालायलाही लागला होता. "किल्ली गाडीला आहे का?" त्याने विचारलं. बस, एवढंच विचारलं.

परतताना गाडीत माझा राग अजून गेला नव्हता, पण आता त्याला बसायला जागा सापडत नव्हती. गसवर ठेवावा तर त्या बिचाऱ्याने काहीच केलं नव्हतं. बाल्डुरवर ठेवावा तर तो मांडीवर केपलिनची बादली घेऊन, ओठ घट्ट मिटून, घड्याळ बघत बसला होता.

चार वाजून सात मिनिटांनी त्याने अर्ज मागे घेतला. पडदा कोरा झाला. मग आम्ही भरायला बसलो. मी वाचायची, तो लिहायचा. या वेळी त्याने माझं एकही वाक्य तोडलं नाही. मी म्हटलं, तोड की, लांब झालंय. तो म्हणाला, आज नाही. यादी मी स्वतः टाकली. ऐलवर्ड, ब्रागासन, मग बाकीचे.

पाच वाजून बारा मिनिटांनी तेरा रकाने झाले. चौदाव्यावर तो थांबला.

'मुख्य अर्जदारांमध्ये व्यक्तिगत स्वरूपाचं नातं आहे का? हो किंवा नाही.'

"लिही 'नाही'," मी म्हटलं. "काय बघत बसलास? दुपारी काय लिहिलंस?"

"दुपारी 'नाही'च लिहिलं. पण दुपारी तुझ्या जागी गस होता." त्याने मान वर केली नाही. "गसच्या बाबतीत मी बेधडक लिहू शकतो."

खिडकीबाहेर धुक्याचा भोंगा वाजला. बंदरावर तो जहाजांसाठी दर मिनिटाला वाजतो, पण त्या दिवशी मला तो पहिल्यांदाच ऐकू आला.

"ही वेळ आहे?" मी म्हटलं. "अठरा मिनिटं राहिलीत, आणि तुला आत्ता आठवतंय?"

"आठवलं नाही. विचारलंय त्यांनी."

मी ट्रुडीला फोन केला, की समजा कुणी 'हो' लिहिलं तर काय होतं. ट्रुडी फारच गोड आवाजात म्हणाली की काही नाही, राणी, विभागप्रमुखाची सही लागते. गस सकाळीच ट्राउट मासे धरायला आत जंगलातल्या केबिनवर गेले होते, आणि तिथे फोन लागत नाही.

मी फोन ठेवला. "हे बघ, नातं दोघांचं असतं. एकट्याच्या मनात असतं ते नातं नव्हे, ते दुखणं. दुखण्याचा रकाना या अर्जात नाही."

"एकट्याच्याच?" आता त्याने माझ्याकडे बघितलं. राखाडी डोळे, पापण्यांवर अजून खारट पाणी. "मला खोटं लिहायला लावू नकोस, नोरीन. तू एकदा सांग. मग मी 'नाही' लिहीन आणि उद्या विमानात बसेन."

मी तोंड उघडलं. रागावायला काहीतरी शोधलं आणि सापडेना. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते.

"साडेपाचपर्यंत..." मी कसंबसं म्हटलं, "साडेपाचपर्यंत मी तुला काहीही सांगितलेलं नाही. तूही मला काही विचारलेलं नाहीस. म्हणजे नातं नाही. खरं की नाही?"

तो विचारात पडला. हा माणूस अशा गोष्टीचाही खरोखर विचार करतो. "खरं," तो शेवटी म्हणाला. "आत्तापुरतं अगदी खरं आहे."

त्याने 'नाही'वर खूण केली. पाच एकवीसला अर्ज गेला. पावती आली, पहिलं नाव नोरीन ऐलवर्ड, आणि पाठोपाठ ट्रुडीचं पत्र, की करारवाढीच्या कागदावर सही करायला उद्या सकाळी ये. ते वाचून मी टेबलावर डोकं ठेवलं आणि मोठ्याने रडले. तो शेजारी बसून राहिला. त्याने मला हातही लावला नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

नऊ मिनिटं. भोंगा नऊ वेळा वाजला.

"वाजले," तो म्हणाला.

"मी अजून रागावलेलीच आहे," मी नाक पुसत म्हटलं. "सांगून ठेवते."

"ठाऊक आहे. तू पहिल्या पत्रात मला लिहिलं होतंस की माझा दुसरा परिच्छेद म्हणजे केपलिनचा अपमान आहे. मी ते बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, जाऊन भेट हिला." तो थांबला. शब्द जुळवत होता. "एक दिवस आधी मी अंड्यांसाठी आलो नव्हतो, नोरीन. मला तू आवडतेस. रागासकट. आता विचारू का?"

"तू उद्या जाणार."

"उद्या जाणार. सप्टेंबरात येणार. बोलावलंस तर ऑगस्टात."

मी त्याच्या ओल्या स्वेटरची कॉलर धरली, सोमवारी कोपर धरलं होतं त्याहून जास्त जोरात, आणि त्याला माझ्याकडे ओढलं. त्याच्या ओठांना मिठाची चव होती. दाढी टोचत होती. बादली लवंडली आणि तीस-चाळीस केपलिन माझ्या खोलीभर पसरले, तरी कुणी उठलं नाही.

बऱ्याच वेळाने तो माझ्या केसांत तोंड खुपसून म्हणाला, "पूर्ण अर्जातही तो रकाना आहे. मी बघून ठेवलंय."

"असू दे."

"तेव्हा मी 'नाही' लिहिणार नाही. सही लागेल."

"ऑक्टोबरात गस गावातच असतात," मी म्हटलं.